योशी म्हणणारे पंच

बसच्या दाराशी उभे राहून ते आपला उजवा हात पुढे करायचे. मुलाने त्यात हात ठेवला की हलकेच दाबायचे आणि थांबायचे. मुलाने उलटा दाबला की म्हणायचे, "योशी!" आणि मगच मूल पायरी चढायचं. योशी म्हणजे ठीक आहे, झालं, चला पुढे. जपानातल्या निशी-कसाईच्या आमच्या स्टॉपवर रोज सकाळी मुलांची ही मोठी रांग असायची, आणि प्रत्येकाचा हात असा दाबून पाहिल्याशिवाय शाळेची बस हलायची नाही.

परदेशात मुलं वाढवली असतील तर तुम्हाला ठाऊक असेल, शाळेच्या बसचा ड्रायव्हर हा आयाबापांच्या गप्पांचा हक्काचा विषय असतो. आमच्या स्टॉपवर सगळा पुण्या-मुंबईचा भरणा. नवरे तोयोसुच्या आयटी ऑफिसांत, काही बायकाही तिथेच, आणि मी त्यांतलीच एक. आम्ही त्यांना बसकाका म्हणायचो. खरं नाव शाळेने कळवलं होतं, पण मी ते इथे लिहिणार नाही. त्यांनी स्वतः कधी कुणा मोठ्या माणसाचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. मी त्यांच्या लेखी 'सईचान-नो-मामा', म्हणजे सईची आई. जपानी लोक आईला मामा म्हणतात. सांगलीला माझ्या सख्ख्या भावाला हे कळलं तेव्हा त्याने फोनवरच माझ्याशी भांडण काढलं.

साठी कधीच ओलांडलेले, बुटके, रुंद खांद्यांचे, डोक्यावर पांढरे खुंट. चालताना डावा गुडघा किंचित बाहेर टाकायचे. आमच्यातल्या एका आईला त्यांचं हात धरणं खटकलं. "मुलांचे हात कशाला धरायचे? किती इन्फेक्शन्स असतात," असं म्हणत तिने शाळेत तक्रार केली. दुसऱ्या दिवशी बसकाका पांढरे हातमोजे घालून आले आणि तेच पुन्हा सुरू. पोरांना हातमोजे काही पसंत पडले नाहीत. थोड्याच दिवसांत पोरांनीच ते ओढून काढले आणि बसच्या टपावर फेकले. पुन्हा तक्रार करण्याचा धीर कुणाला झाला नाही.

एकदा सई माझ्याशी भांडून आली होती. तिने हात ठेवला, पण दाबला नाही. बसकाका थांबले. सईही हट्टी, आईवर गेलेली. रांग खोळंबली, बाकीच्या आया घड्याळं बघायला लागल्या, माझी साडेनऊची मीटिंग डोळ्यांसमोर नाचायला लागली. मी म्हटलं, "अहो, तिला काही झालेलं नाहीये, नाटकं आहेत. घ्या आत."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाटक असेल तर तिने सांगू दे. मी नाही ठरवणार."

शेवटी सईने करकचून हात दाबला, ते "आई गं" अशा अर्थाचं काहीतरी जपानीत ओरडले, सई हसली, बस गेली. माझी मीटिंग हुकली. त्या दिवशी मी त्यांना मनात बरीच नावं ठेवली.

त्यांचं गुपित मला कळलं ते शाळेच्या स्पोर्ट्स डेला. रस्सीखेच चालू होती, दोर एकदम सुटला आणि एक मुलगी उताणी पडली. शिक्षक पोचायच्या आत बसकाका पोचले. त्यांनी मुलीजवळ चक्क पोटावर अंग झोकून दिलं, गाल जमिनीला लावला, एक डोळा मिटून तिच्या खांद्याखाली बघितलं आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. लोक हसले. मी हसले नाही. माझे वडील कुस्तीचे वेडे. गावोगावच्या आखाड्यांच्या कडेला मातीत बसून मी लहानपण काढलं आहे. पाठ टेकली की नाही हे बघायला असं आडवं होणारा माणूस जगात एकच असतो.

मुलगी उठली, पळाली. ते पँट झटकत होते. मी जवळ जाऊन विचारलं, "तुम्ही पंच होता का हो?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू त्यांच्या खिशात हात घातला होता. मग म्हणाले, "कसं कळलं?"

त्यानंतर शनिवारी सई पोहायला जायची तेव्हा तलावाबाहेरच्या बाकावर आमची बैठक जमायला लागली. व्हेंडिंग मशीनमधली गरम कॉफी, एक कॅन त्यांचा, एक माझा. ते प्रो-रेसलिंगचे पंच होते. आपल्याकडे ज्याला टीव्हीवरची कुस्ती म्हणतात, ती. एक छोटी कंपनी होती, तिचे हलक्या वजनाचे सामने ते सांभाळायचे. हलके म्हणजे शंभर किलोच्या आतले.

"शंभर किलोच्या माणसाला आमच्याकडे हलका म्हटलं तर तो तुम्हाला खुशीने जेवायला घालेल," मी म्हटलं.

माझ्यातली सांगली गप्प बसेना. मी विचारलं, "पण हे सगळं ठरलेलं असतं ना? कोण जिंकणार, कोण हरणार?"

"पडायचं ठरलेलं असतं," ते म्हणाले. "म्हणून जमीन थोडीच मऊ होते?"



मग त्यांनी मला त्या हलक्यांच्या किताबाची सगळी कहाणी सांगितली, अनेक शनिवार घेऊन. इथे किताबाच्या मानकऱ्यांना पहिला, दुसरा, तिसरा असं ओळीने मोजतात, आणि ते सगळ्यांना आकड्यांनीच ओळखायचे. किताब नव्हता तेव्हा हलक्या पैलवानांना कुणी विचारत नव्हतं. लोक खुर्च्या शोधत असताना त्यांचे सामने उरकायचे, खरी माणसं नंतर यायची. मग कंपनीने हलक्यांसाठी वेगळा किताब काढला. चामड्याचा रुंद पट्टा, मध्ये सोनेरी पत्रा. पहिला मानकरी मासळीवाल्याचा मुलगा. त्याच्या कमरेला पट्टा बांधला आणि तो सरळ गुडघ्यांवर घसरला, कारण पट्टा बनवणाऱ्याला सवय जाड्या पैलवानांची. लोक हसले आणि तो तिथेच ढसाढसा रडला. बसकाकांनी मागे जाऊन खिळ्याने नवीन भोक पाडलं.

"ते भोक अजून आहे," ते अभिमानाने म्हणाले. "माझं आहे."

दुसरा मुखवटा घालायचा. त्याचा चेहरा पंचांनीसुद्धा कधी बघितला नाही. तिसऱ्याचं लग्न झालं आणि बायको निघाली सुगरण. सामन्याच्या आदल्या दिवशी तो गरम पाण्याच्या हौदात बसून घाम गाळायचा, काट्यावर एक पाय उचलून उभा राहायचा. शेवटी काटा शंभरच्या पुढे गेलाच. त्याने पट्टा दोन्ही हातांवर घेतला, त्याला वाकून नमस्कार केला आणि कंपनीच्या टेबलावर ठेवला.

"म्हणजे हरला," मी म्हटलं.

"हरला नाही. परत केला." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. जे आपल्याला पेलत नाही ते कुणी काढून घ्यायच्या आत आपण होऊन परत करायचं, यात त्यांना भारी इभ्रत वाटायची.

एकदा मी विचारलं, "एक, दोन, तीन मोजण्यापलीकडे पंचाला काय काम असतं?"

"मोजणं हे काम नव्हेच. हात धरणं हे काम." त्यांनी माझ्यासमोर हात केला. "पडलेल्याचा हात धरायचा, दाबायचा. त्याने उलटा दाबला तर तो ठीक आहे, सामना चालू. लोकांना कळत नाही, आम्हा दोघांतच असतं. नाही दाबला तर हे." कॉफीचा कॅन बाकावर ठेवून त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि मनगटांची फुली केली. "ही फुली दिसली की सगळं बंद. घंटा, डॉक्टर. रिंगमधलं बाकी काहीही खोटं असू शकतं. हे नाही."

आठव्याबद्दल ते सगळ्यांत उशिरा बोलले. आठवा सेंदाईचा. शाळेत जिम्नॅस्टिक्स केलेला, दोरावरून असा उडायचा की खाली यायचं विसरला की काय असं वाटावं. कुत्र्यांना भ्यायचा. बसकाकांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं, बायको लवकर गेलेली. आठव्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज कसा व्हायचा ते मी लिहीत नाही, तुम्ही ओळखाल.

किताबाच्या सामन्यात तो आणि आव्हान देणारा वरच्या दोरावरून एकत्र खाली आले. आठवा मानेवर पडला. बसकाकांनी आवाज ऐकला. पोटावर झोपून त्याच्या हातात हात घातला आणि दाबला.

"त्याने उलटा दाबला," ते म्हणाले. "म्हणून मी फुली केली नाही."

सामना पुढे गेला. समोरच्याने ठरल्याप्रमाणे त्याला पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. बसकाकांनी आपल्या तळहाताने जमिनीवर एक, दोन, तीन मोजले. किताब नवव्याकडे गेला. आठवा उठला नाही. मानेखालचं सगळं शरीर गेलं, ते आजतागायत.

नवव्याने दुसऱ्याच दिवशी पट्टा परत केला आणि कुस्ती सोडली. कंपनीने किताब बंद केला, पुढे कंपनीही बंद झाली आणि पट्टा आठव्याकडे आला. बसकाकांनी त्यानंतर कधी तीन मोजले नाहीत.

डॉक्टरांनी त्यांना नंतर सांगितलं होतं, की अशा दुखापतीत बोटं आपोआपही आवळली जातात. माणसाने दाबली की नसांनी, बाहेरून कळत नाही. म्हणजे त्या दिवशी तो हात आठव्याने दाबला होता, की तो नुसता आवळला गेला होता? हा एकच प्रश्न घेऊन हा माणूस दर महिन्याला सेंदाईला जात होता, आठव्याच्या बिछान्याशेजारी बसत होता, बेसबॉलवर गप्पा मारत होता आणि न विचारता परत येत होता.

"विचारत का नाही?" मी म्हटलं. मला असल्या गोष्टी सहन होत नाहीत. आमच्या घरात मनातलं ताटातच वाढलं जायचं.

"हो म्हणाला तर मला वाटेल, मला वाचवायला खोटं बोलतोय," ते म्हणाले. "नाही म्हणाला तर..." आणि त्यांनी रिकामा कॅन नीट डब्यात टाकला.

पुढच्या हिवाळ्यात ऑफिसच्या कामाने मला सेंदाईला जावं लागलं. बसकाकांची महिन्याची फेरी नेमकी त्याच दिवशी होती, म्हणून काम दुपारीच आटोपल्यावर मी त्यांच्याबरोबर आठवा राहायचा त्या शुश्रूषा केंद्रात गेले. बाहेर कडेला बर्फ साठलेलं, आत ऊबदार, पातळ भाजीच्या सुपाचा वास. खिडकीजवळ मागे कललेल्या व्हीलचेअरमध्ये पन्नाशीच्या आतबाहेरचा एक माणूस होता. चेहरा इतका जिवंत, की बाकीच्या शरीराकडे आधी लक्षच जात नव्हतं.

"उशीर केलात!" तो ओरडला.

"बस उशिरा आली," बसकाका म्हणाले. त्यांचं हे दर वेळचं होतं, नंतर नर्सने मला सांगितलं. वेळेवर आले तरी उशीर केलात, आणि दर वेळी दोष बसला.

मग बसकाका शेजारच्या स्टुलावर बसले. त्यांनी आठव्याचा उजवा हात आपल्या उजव्या हातात घेतला आणि त्यावर आपला डावा तळवा झाकला. आठव्याने डोळे मिटले, त्याच्या कपाळावरची शीर फुगली. थोड्या वेळाने बसकाका म्हणाले, "योशी," आणि हात अलगद पांघरुणाखाली ठेवला. मला वाटलं, इतक्या वर्षांच्या व्यायामाने बोटांत थोडी हालचाल आली असेल. मला बरं वाटलं.

बसकाका चहा आणायला गेले तेव्हा आठवा माझ्याकडे वळला. "सईचान-नो-मामा तुम्हीच ना? तुमचं ऐकतात ते. एक काम करा माझं."

काम असं होतं. लहानपणी आठव्याचे सामने पाहिलेली काही पोरं आता स्वतःच पैलवान झाली होती. त्यांनी छोटी कंपनी काढली होती आणि त्यांना तो किताब पुन्हा सुरू करायचा होता. आठव्याने एका अटीवर होकार दिला होता. पंच हेच हवेत.

"नऊ जणांना त्यांनीच मोजलं," आठवा म्हणाला. "दहावा दुसऱ्या कुणी मोजलेला मला चालणार नाही. पण ते म्हणतात, रविवारी बस असते. रविवारी शाळेची बस असते का हो?"

परतीच्या ट्रेनमध्ये मी त्यांना सोडलं नाही. म्हटलं, त्याने आयुष्यात तुमच्याकडे दुसरं काय मागितलंय? फुकुशिमा स्टेशन मागे पडल्यावर ते म्हणाले, "गुडघा वाकत नाही माझा." मी समजले, की तयार झाले.

सामना रविवारी दुपारी, गोदामासारख्या एका हॉलमध्ये होता. आमच्या स्टॉपवरची निम्मी मुलं आणि त्यांचे आईबाप आले होते. आमच्या घरच्यांसाठी ही कुस्ती म्हणजे सर्कस, त्यामुळे कुणीतरी घरून चिवडा आणलेला. बसकाका जुना पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून आले, पोटावर ताणलेला. मुलं ओरडली, "बसकाका, गाम्बात्ते!" म्हणजे जोर लावा, होऊन जाऊ द्या. रिंगच्या कडेला आठवा व्हीलचेअरवर, मांडीवर तो पट्टा. मी मुद्दाम जवळ जाऊन खिळ्याचं भोक पाहून आले.

दोन पोरं लढत होती. हलकी, चपळ, खरंच उडत होती. सांगलीची असूनही मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. बसकाका सुरुवातीला अवघडलेले होते, मग त्यांच्या अंगात ते जुनं काहीतरी आलं. गुडघा वाकत होता. एकदा त्यांनी दोनवर हात थांबवला तेव्हा अख्खा हॉल ओरडला, आणि मी त्यांना हसताना पाहिलं.

मग त्यांतला एकजण दोरावरून चुकीचा आला. मान नाही, खांदा, पण आवाज झाला. बसकाका पोटावर पडले. गाल जमिनीला, हात त्या पोराच्या हातात. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि "योशी" ऐकू यायची वाट बघत होते.

ते उठून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटांची फुली केली.

घंटा वाजली. डॉक्टर धावला. आणि तो पडलेला पोरगा ताडकन उठून बसला. "मी ठीक आहे! मी दाबला होता! दाबला होता ना हात!" तो पंचांच्या तोंडावर ओरडत होता. मागून कुणीतरी शिट्टी मारली, मग हुर्यो सुरू झाली. सई रडायला लागली. किताब कुणालाच मिळाला नाही. आयोजकांनी पट्टा परत आठव्याच्या मांडीवर आणून ठेवला.

हॉल रिकामा होत असताना बसकाका व्हीलचेअरसमोर येऊन उभे राहिले. आठवा हसत होता. नेहमीचंच हसू, नेहमीचाच आवाज.

"उशीर केलात," तो म्हणाला.

बसकाका वाकले. जपानी माणूस वाकतो आणि उठतो, हे आपण रोज बघतो. ते वाकले आणि तसेच राहिले. आठव्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, तो घाईघाईने म्हणाला, "नाही, तसं नाही, मी नेहमीसारखंच..." पण त्याला हात पुढे करता येत नव्हता, आणि ते मान वर करत नव्हते. शेवटी मी आणि माझ्या नवऱ्याने त्यांना दंडाला धरून सरळ केलं.

स्टेशनकडे जाताना ते एकच वाक्य बोलले. "दाबला असेल त्याने. मला कळला नाही."

त्या आठवड्यात सई घरी येऊन म्हणाली, "मम्मा, बसकाका मोऊ इक्काई, मोऊ इक्काई म्हणतात." म्हणजे पुन्हा एकदा दाब, पुन्हा एकदा. सगळ्या मुलांना म्हणत होते. शुक्रवारी त्यांनी बस धुतली, आरसे पुसले आणि किल्ली दोन्ही हातांवर ठेवून शाळेच्या ऑफिसात दिली. ज्याला मुलाचा हात कळत नाही त्याने मुलांची बस चालवू नये, असं म्हणाले. मी भेटायला गेले तर दारातच हसून म्हणाले, "हरलो नाही. परत केली."

पुढे तपासणीत त्यांच्या डोक्यात गाठ निघाली. उजव्या हाताची संवेदना हळूहळू तीच खात होती. मला, खोटं कशाला बोलू, आधी सुटल्यासारखंच झालं. हॉस्पिटलमध्ये मी उत्साहाने सांगायला गेले, की बघा, तुमची चूक नव्हतीच, त्या रविवारी तुमचा हातच बधिर होता.

ते छताकडे बघत होते. "हो," म्हणाले. "ही गाठ आत्ताची आहे. तेव्हा माझा हात चांगला होता."

मी तिथेच रडले. त्यांना त्याचा त्रास झाला असावा, कारण त्यांनी डाव्या हाताने मला टिश्यूचा डबा सरकवला आणि सईच्या पोहण्याची चौकशी केली. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. चेरी फुलायच्या आधीच गेले. अंत्यसंस्काराला आम्ही स्टॉपवरची मंडळी आणि शाळेचे दोघे. आठव्याची प्रकृती प्रवासाची नव्हती, त्याने पांढरी फुलं पाठवली.

नवा ड्रायव्हर तरुण आहे, नम्र आहे. मुलं दाराशी कार्ड टेकवतात, टुंग असा आवाज होतो आणि ती आत जातात. तो वेळेच्या बाबतीत एकदम चोख आहे. मला आता कुठल्याही मीटिंगला उशीर होत नाही आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

पुढे ऑफिसच्या कामाने पुन्हा सेंदाईला गेले तेव्हा मी केंद्रात गेले. पट्टा खिडकीत ठेवलेला होता. आठव्याने मला पाहिलं, पण काही ओरडला नाही. मी स्टुलावर बसले. आम्ही थोडं बेसबॉलबद्दल बोललो, ज्यातलं मला काही कळत नाही.

मग तोच म्हणाला, "त्यांनी मला कधी विचारलं नाही. मी वाट बघत होतो. विचारलं असतं तर मी दाबला होता म्हणूनच सांगणार होतो."

"आणि खरं काय?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"मला त्या सामन्यातलं काहीच आठवत नाही. घंटेच्या आधीपासूनचंच नाही." तो खिडकीकडे बघत होता. "पण इथे ते दर महिन्याला हात धरायचे ना, तेव्हा मी सगळा जीव लावून दाबायचो. त्या एका दिवसाची भरपाई म्हणून. त्यांना कळायचं. योशी म्हणायचे. तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं," मी म्हटलं.

"आज तुम्ही धराल?"

मी पांघरुणाखालून त्याचा उजवा हात काढला आणि माझ्या उजव्या हातात घेतला. त्याने डोळे मिटले. कपाळावरची शीर फुगली, जबडा घट्ट झाला, मान थरथरली.

माझ्या हातात काहीही झालं नाही. हात गार होता, जड होता, एक बोटही हललं नाही. तेव्हा मला समजलं, की बसकाका वरून दुसरा तळवा का झाकायचे. आणि हेही समजलं, की ते दर महिन्याला या खोलीत काय धरून बसत होते.

"दाबतोय," आठवा डोळे मिटूनच म्हणाला. "लागतंय ना?"

मी माझा डावा तळवा त्याच्या हातावर झाकला.

"योशी," मी म्हटलं.